डच जोडशब्द: फोड कुठे, जोर कुठे

जूनमध्ये आइंडहोवनला यायचंय, ॲपवर शब्द पाठ झालेत, पण लांबलचक डच शब्द दिसला की कुठे तोडायचा आणि जोर कुठे द्यायचा ते कळत नाही, असं तुम्ही लिहिलंय. आठ वर्षांपूर्वी माझंही घोडं इथेच अडलं होतं.

शाळेतला समासाचा विग्रह आठवा. डच जोडशब्द बहुतेक तत्पुरुषासारखे असतात, मुख्य शब्द शेवटी. 'झीकनहाउस' म्हणजे आजाऱ्यांचं घर, हॉस्पिटल. (मधला 'न' बोलताना बहुतेक गळतोच.) म्हणून अर्थ शेवटून लावायचा. जोर मात्र पहिल्या शब्दावर, तोही त्या शब्दात मुळात जिथे असतो तिथेच. निवास परवान्याला 'फरब्लाइफ्सफरखुनिंग' म्हणतात. फरब्लाइफ म्हणजे वास्तव्य, फरखुनिंग म्हणजे परवाना, मधला 'स' नुसता सांधा. 'फर'वर जोर येत नाही, म्हणून तो 'ब्लाइफ'वर. पुढचं सगळं हलक्या आवाजात उरकायचं. आपण मराठीत अक्षरं बरीचशी सारख्या वजनाने म्हणतो, त्यामुळे हे हलकं म्हणणंच जड जातं. रोज मोठ्याने म्हणा.

फोड चुकली तर अर्थच बदलतो. 'मासा-खबेत' म्हणजे सामूहिक प्रार्थना आणि 'मसाझ-बेत' म्हणजे मसाजचा पलंग, पण डचमध्ये दोन्ही अक्षर न अक्षर सारखेच लिहितात!

काही क्रियापदांत तर फक्त जोरावर सगळं ठरतं. माझ्या मुलीला पाळणाघरात दुसरं मूल चावलं. तिथल्या ताई शांतपणे म्हणाल्या, "डाट कान फोरकोमन." मला फक्त 'को'वर जोर असलेलं फोरकोमन माहीत होतं, म्हणजे टाळणं. हे टाळता आलं असतं, असं त्या म्हणतायत असं वाटून मी घरी येऊन रडले. त्यांचा जोर 'फोर'वर होता: असं होतं कधीकधी.

अपवाद आहेतच, ते पाठच करा. 'स्टाटहाउस' (नगरपालिकेची इमारत) आणि 'बुरनकोल' (केल ही पालेभाजी) यांत जोर शेवटी, 'बुर्खमेस्टर' (महापौर) मध्ये 'मेस्'वर. गावांच्या नावांचंही तसंच. आम्स्टरडाम, रॉटरडाम, आम्स्टलफेन यांचा जोर शेवटच्या अक्षरावर, तुमच्या आइंडहोवनचा मात्र पहिल्या 'आइंड'वर. स्टेशनवरच्या घोषणेत नीट ऐका, लगेच कानात बसेल.