पावलं जुळत नाहीत म्हणून

ताई, ऑटिझम (स्वमग्नता) असलेला तुमचा मुलगा शेजारून चालतच नाही, एकतर पुढे पळतो नाहीतर मागे रेंगाळतो, असं म्हणालात ना? आमचंही अगदी हेच. तलावपाळीला फेरी मारताना मी सारखी "अरे, सोबत चाल" म्हणून ओरडायचे. दोन माणसं गप्पा मारत चालली की त्यांची पावलं बऱ्याचदा नकळत जुळतात. ऑटिझममध्ये हे आपोआप जुळणं अनेकदा कमी असतं. हालचालीची आखणी, वेळ साधणं, हेही बऱ्याच मुलांना जड जातं. माया नाही असा त्याचा अर्थ मुळीच नाही. (आमच्या सासूबाईंना हे पटायला दोन वर्षं लागली.)

तर आधी तुम्ही त्याच्याशी जुळवा. माझा लेक पोळ्यांच्या डब्यावर चमच्याने ठोकत बसायचा. टक-टक, मध्ये थांबा, टक. एकदा वैतागून मीही परातीवर तेच वाजवलं. तो थांबला, चमचा तसाच वर. मग माझ्या हाताकडे बघत मुद्दाम हळू वाजवलं, मी चुकते का बघायला! मोठ्यांनी अशी नक्कल केली की मूल जास्त लक्ष देतं, हे अभ्यासांतही दिसलंय. रोज पाच मिनिटं पुरे. "माझ्याकडे बघ" म्हणून हनुवटी मात्र धरू नका.

पुढे झोपाळा, सी-सॉ, मग चेंडू, असे दोघांनी मिळून ताल जुळवायचे खेळ. शाळेतल्या लेझमीची घाई नको. हलगीचा दणका सुरू झाला आणि आमचं पिल्लू कान झाकून मैदानातच बसलं. ऑक्युपेशनल थेरपिस्टला (रोजच्या हालचाली-कामं जमावीत म्हणून मदत करणाऱ्या तज्ज्ञाला) चालण्याचंही जरूर सांगा, आपण नुसतं बोलण्याबद्दलच सांगत बसतो.