गॅरेज कट्टा : चायनीज बाईक पळवायची कशी?

मागच्या अंकात मी सहज लिहून गेलो की स्वस्तातल्या चायनीज बाईक वाईट नसतात, घाईत बांधलेल्या असतात. त्यावर एवढे प्रश्न आलेत की या महिन्याचं सदर त्यातच संपणार, बुलेटवाल्यांनो तुम्ही पुढच्या वेळी.

प्रश्न : सर, मी इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे. सेकंड हँड चायनीज १२५ घेतली, एफआय (कार्बोरेटरऐवजी इंजेक्शनने पेट्रोल देणारी) आहे, २३ हजार किलोमीटर झालेत. प्लेनला ठीक चालते पण सिंहगड चढताना मागे मित्र बसला की दुसऱ्या गिअरवर येते आणि रडायला लागते. ग्रुपवर सगळे म्हणतात कोन फिल्टर (शंकूसारखा उघडा एअर फिल्टर), फ्री फ्लो सायलेन्सर (धूर कमी अडवणारा) आणि इरिडियम प्लग टाक, बाईक उडेल. माझ्याकडे ८ हजार आहेत. आधी काय टाकू?
— ओ. प., वारजे

मित्रा, आधी टाकायचं सोड आणि बाईक स्टँडवर घे.

पण त्याच्याही आधी थोडं गणित, कारण निम्मा दोष बाईकचा नाहीच. तुझं इंजिन कंपनीच्या कागदावर साधारण १० हॉर्सपॉवरचं. पुणं समुद्रसपाटीपासून साधारण ५६० मीटरवर, म्हणजे इथेच हवा पाचेक टक्के विरळ. सिंहगडाचा माथा १३०० मीटरच्या आसपास, तिथे ती बाराएक टक्के विरळ होते आणि टर्बो नसलेल्या इंजिनची ताकद जवळपास त्याच हिशोबाने उतरते. एफआय हुशार असतं, पेट्रोल कमी करून हवा-पेट्रोलचं मिक्श्चर बरोबर ठेवतं, पण नसलेली हवा ते कुठून आणणार? म्हणजे गडावर पोचेपर्यंत दहातला सव्वा घोडा वाटेतच पिठलं-भाकरी खायला बसलेला असतो. उरलेल्या पावणेनऊ घोड्यांनी तुम्हा दोघांना ओढायचं.

आता स्टँडचं. दोन महिन्यांपूर्वी माझ्या अंगणात अशीच एक १२५ आली होती, तक्रार डिट्टो तुझीच. मागचं चाक उचलून हाताने जोरात फिरवलं तर एक पूर्ण चक्करसुद्धा मारेना, अर्ध्यात थांबलं. कॅलिपर (डिस्कवर ब्रेक पॅड दाबणारा भाग) उघडला तर ज्या पिनांवर तो सरकायला हवा त्या कोरड्याठाक, ग्रीसचा थेंब नाही, वर गंज, त्यामुळे पॅड डिस्कला कायम चिकटलेले. म्हणजे तो पोरगा सहा महिने ब्रेक दाबूनच गाडी चालवत होता म्हण ना. पिना बारीक पॉलिश पेपरने घासल्या, ब्रेकचं सिलिकॉन ग्रीस लावलं (साधं ग्रीस नको, रबर फुगतं), चेन इतकी ताणलेली होती की वाजत होती ती मॅन्युअलमध्ये दिलेल्या ढिलाईवर आणली. मग तेच चाक गरगर फिरत राहिलं. तो तिथल्या तिथे चक्कर मारून आला आणि म्हणाला, काका काय टाकलंत? काहीच टाकलं नव्हतं रे.

तर तूही हेच कर. दोन्ही चाकं फिरव, चेन बघ, टायरची हवा बघ, एअर फिल्टर काढ. आधीच्या मालकाने इंजिनमध्ये ऑइल जास्त भरलं असेल तर ते ब्रीदरच्या (इंजिनातली वाफ बाहेर काढणाऱ्या) पाईपने एअर फिल्टरच्या डब्यात येतं आणि फिल्टर तेलकट होऊन बसतो, असला फिल्टर फेकून नवा घे, कंपनीचाच, कोन नको. कोन फिल्टर इंजिनशेजारची गरम हवा ओढतो आणि पुण्यातली धूळ तर तुला माहितीये, मेट्रोची कामं चालू असताना कर्वे रोडवरून गेलेल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

मग टॅपेट, म्हणजे इंजिनचा व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यातला बारीक गॅप. हे मात्र मनावर घे. घाईत बांधलेल्या इंजिनात पहिली सर्व्हिस नीट झाली नसेल तर टॅपेट हळूहळू घट्ट होत जातात आणि गंमत म्हणजे घट्ट टॅपेट आवाज करत नाही, ढिला करतो, त्यामुळे लोक म्हणतात इंजिन किती स्मूद आहे! प्रत्यक्षात व्हॉल्व्ह पूर्ण बसतच नसतो, कॉम्प्रेशन गळतं, चढावर दम जातो आणि एक दिवस एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जळतो. रात्रभर थंड झालेल्या इंजिनवर, प्लग काढून, फ्लायव्हीलवरचा टी मार्क (पिस्टन सगळ्यात वर आल्याची खूण) इंजिनच्या खिडकीत आण, दोन्ही रॉकर हाताने किंचित हलले पाहिजेत. हलत नसतील तर एक तर तू चुकीच्या स्ट्रोकवर आहेस, अजून एक फेरी फिरव, नाहीतर टॅपेट घट्टच झालाय. मग फिलर गेजने (ठरलेल्या जाडीच्या पातळ पत्र्याने) मॅन्युअलमधला गॅप ठेव. गेज सरकताना लोण्यातून सुरी नाही, वहीच्या पानांतून कागद ओढल्यासारखं किंचित अडलं पाहिजे. आणि एक, या बाईकचे बोल्ट मऊ असतात. ढिल्या पान्याने कव्हर उघडायला गेलास तर डोकं गोल होणार आणि मग तुझे ८ हजार लेथवाल्याकडे. सहा कोनी सॉकेटच वापर.

एवढं करूनही चढाला कमी वाटली तर एकच पार्ट बदल, पुढचं स्प्रॉकेट, म्हणजे चेनचं दातेरी चाक. समज पुढे १५ दात आहेत आणि मागे ४५, म्हणजे रेशो ३. पुढे १४ टाकलंस की ३.२१ होतो, चाकावरचा ओढ ७ टक्के वाढतो. फुकट मात्र काही नाही, त्याच आरपीएमला जिथे ६० चा स्पीड होता तिथे आता ५६ मिळणार, हायवेला इंजिन जास्त ओरडणार. स्पीडोमीटरचा सेन्सर गिअरबॉक्सवर असेल तर काटा खोटं बोलायला लागेल, पुढच्या चाकावर असेल तर काही फरक नाही. जुनं स्प्रॉकेट पिशवीत घालून नाना पेठेत जा, दुकानदाराला बाईकचं नाव सांगू नकोस, नाव सांगितलं की तो "चायनाचं नाही येत" म्हणून मोकळा होतो. जुना पीस काउंटरवर ठेव, आतले दात आणि चेनचा नंबर जुळव, बहुतेक वेळा आपल्याच कुठल्या तरी बाईकचं बसतं.

फ्री फ्लो सायलेन्सरचं विचारलंस. छोट्या बाईकच्या ईसीयूला (एफआयच्या कॉम्प्युटरला) आत किती हवा आली हे थेट मोजणारा मीटर बहुधा नसतो, तो ठरलेल्या नकाशावरून अंदाजाने पेट्रोल देतो. हळू चालवताना ऑक्सिजन सेन्सर चूक सांभाळून घेतो, पूर्ण थ्रॉटलला नाही घेत. म्हणजे नेमकं गडाच्या चढावर मिक्श्चर लीन (पेट्रोल कमी, हवा जास्त), इंजिन गरम. आवाज वाढला की पळाल्यासारखं वाटतं हे खरं, पण घड्याळ लावून बघ एकदा. इरिडियम प्लग चांगला टिकतो, बाकी तो काही घोडे वाढवत नाही. उरलेल्या पैशाचं मागचं टायर घे.

प्रश्न : पौडजवळ आमची शेती आहे. मुलांसाठी चायनीज पिट बाईक (रस्त्याबाहेर चालवायची छोटी बाईक) घेतलीय, १२५ म्हणून दिली, नंबर-बिंबर नाही, शेतातच चालते. चोक ओढल्याशिवाय चालू होत नाही, अॅक्सिलरेटर सोडला की फटफट आवाज करते आणि गरम झाल्यावर आरपीएम वर अडकून बसतो, खाली येत नाही. कंपनीचा पत्ता नाही, मेकॅनिक हात लावत नाहीत. कार्बोरेटर मोठा टाकू का?
— र. मो., कोथरूड

नको हो. तुमची तीनही लक्षणं एकच सांगतात, पेट्रोल कमी आणि हवा जास्त. मोठा कार्बोरेटर म्हणजे उपाशी माणसाला मोठं ताट.

तुमचं आडवं इंजिन दिसायला ओळखीचं वाटत असेल, कारण हे घराणं होंडाच्या १९५८ च्या सुपर कबचं. गेली कित्येक वर्षं चायनात त्याच्या नकला निघतात आणि नक्कल झाली तरी मूळ डिझाईन इतकं साधं की घरी दुरुस्त होतं. १२५ म्हणतात पण बोअर (सिलिंडरचा व्यास) ५२.४ आणि स्ट्रोक (पिस्टनची चाल) ५५.५ मिमीवाला असेल तर भरतात १२० सीसी, ५४ बाय ५४ वाला असेल तर १२३.७. नावाचा फार विचार करू नका.

पहिलं काम, हवेची चोरी शोधा. कार्बोरेटर आणि हेडच्या मधे जो वाकडा पाईप असतो त्याच्या दोन्ही टोकांचं गास्केट नाहीतर ओ-रिंग हमखास चेपलेली निघते, बोल्ट आवळताना एका बाजूने जास्त आवळलेले असतात. इंजिन थंड असताना चालू करा आणि जोडावर थोडं थोडं पाणी स्प्रे करा (पेट्रोल किंवा कार्ब क्लीनर नको, आग लागते, मी भुवया जाळून घेतल्यात एकदा). पाणी मारल्यावर आरपीएम बदलला की चोर तिथेच. नवी ओ-रिंग, बोल्ट आळीपाळीने थोडे थोडे आवळायचे, झालं.

मग जेट, म्हणजे कार्बोरेटरमधली पेट्रोल सोडणारी बारीक भोकं. चोक ओढल्यावर चालते म्हणजे स्लो जेट एकतर चोंदलाय नाहीतर लहान आहे. आधी साफ करा, तार घालू नका, हवा मारा. आता मिक्श्चरचा स्क्रू, यात लोक फसतात : स्क्रू एअर फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, बाहेर काढला की लीन होतं. इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. एकाच्या व्हिडिओवर बघून दुसरा फिरवला की गोंधळ. अर्ध्या थ्रॉटलला अडखळत असेल तर नीडलची (कार्बोरेटरमधल्या सुईची) क्लिप एक खाच खाली सरकवा, नीडल वर येते, पेट्रोल वाढतं. आणि पूर्ण थ्रॉटलला दम नसेल तरच मेन जेट बदला, एकेक नंबरने. स्वस्तातल्या जेटवर कोरलेला नंबर आणि भोक यांची कायम ओळख असतेच असं नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी चालवून प्लगचा रंग बघा. पांढरा म्हणजे लीन, काजळी म्हणजे रिच, बिस्किटाचा रंग बरा.

अजून एक कारण आपल्या पंपावरच आहे. आता मिळतं ते ई-२०, २० टक्के इथेनॉल. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला हवा लागते १४.७ भाग, या मिश्रणाला साधारण साडेतेरा. एफआय ते बरंचसं आपोआप जमवतं, कार्बोरेटरला कोण सांगणार? म्हणजे आधीच किंचित लीन सेट केलेली बाईक आपल्याकडे येऊन अजून लीन होते. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी धरतं, तुमची बाईक रविवार ते रविवार उभी, पावसाळ्यात तर महिना महिना. शेतावरून निघताना पेट्रोलचा कॉक बंद करून कार्बोरेटरखालचा ड्रेन स्क्रू सोडून वाटी रिकामी करत जा, निम्मी स्टार्टिंगची कटकट जाईल. ऑइल लवकर लवकर बदला, यातल्या बऱ्याच इंजिनांना कागदी फिल्टर नसतोच, नुसती जाळी. आणि ती बाईक पोरांना पौडच्या रस्त्यावर दूध आणायला देऊ नका, एवढं ऐका.

प्रश्न : मुलाने चायनीज बाईकच्या सायलेन्सरमधली आवाज दाबणारी पुंगळी काढलीय. म्हणतो अॅव्हरेज पण वाढतं. खरं का? सोसायटीत तोंड दाखवायला जागा नाही.
— एक त्रस्त वडील, सहकारनगर

अॅव्हरेज वाढत नाही, कमी झालं तर नवल नाही. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ कंपनीने दिलेल्या मूळ स्वरूपात असे बदल करू देत नाही, २०१९ च्या जानेवारीत सुप्रीम कोर्टानेही हेच सांगितलं, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर मालकाला प्रत्येक बदलामागे ५ हजार दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं. मालक म्हणजे आरसीवर ज्याचं नाव तो, म्हणजे बहुधा तुम्हीच. हे त्याला जेवताना सांगा. पुंगळी माळ्यावर कुठेतरी टाकलेली असेल, तीच परत बसते.

प्रश्न : माझी २५० सीसीची चायनीज क्रूझर आहे, चिंचवड ते हिंजवडी रोज. पळते छान, पण ब्रेक लाकडी वाटतात आणि पावसात वळणावर भीती वाटते. हॅण्डलपण सरळ ठेवायला जरा झगडावं लागतं. यात घरी काही होतं का?
— मी. दे., चिंचवड

ताई, आजच्या पत्रांत खरा परफॉर्मन्सचा प्रश्न तुमचाच आहे. बाकीच्यांना नुसतं पळायचंय.

टायर बदला, त्याच साईजचे, त्याच लोड आणि स्पीड रेटिंगचे, चांगल्या कंपनीचे. सोबत आलेले टायर बऱ्याचदा कडक रबराचे असतात, झिजत नाहीत म्हणून लोक खूष आणि ओल्या रस्त्यावर धरत नाहीत. साईडवर चार आकडे असतात ते बघा, पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. बाईक शोरूममध्ये किती दिवस उभी होती ते त्यावरून कळतं.

लाकडी ब्रेकला आधी फ्लुइड बदला, दर दोन वर्षांनी बदलायचंच असतं, बाईकवरच्या फ्लुइडच्या डब्याच्या झाकणावर डॉट ३ की ४ लिहिलेलं असतं तेच घ्या. मग पॅड. जुना पॅड दुकानात नेऊन आकार जुळवा, पहिल्या प्रश्नात स्प्रॉकेटचं सांगितलं तसंच. नवे पॅड बसवल्यावर पहिले दीडशे-दोनशे किलोमीटर जोरात ब्रेक मारू नका, आणि ब्रेकच्या कामात हात बसलेला नसेल तर हे मेकॅनिकसमोर उभं राहून करून घ्या, घरी शिकायची ही जागा नाही.

हॅण्डलचं मात्र घरी तपासता येतं. पुढचं चाक हवेत उचलून हॅण्डल हळूच डावीकडून उजवीकडे न्या. बरोबर मधे टक् करून अडल्यासारखं वाटलं तर कोन सेट (हॅण्डलच्या दांड्याचं बेअरिंग) खड्ड्यात बसलाय, बदलावा लागेल. अडत नाही पण जड आहे, तर आत ग्रीसच नाही, मी उघडलेल्यांपैकी बहुतेकांत बोटाला पुसण्यापुरतं निघालंय. नट घट्ट असेल तरी असंच होतं. ग्रीस भरून नट इतकाच आवळायचा की हॅण्डल स्वतःच्या वजनाने बाजूला पडलं पाहिजे.

प्रश्न : जुनी कार्बोरेटरवाली पुशरॉड (लांब दांड्यांनी व्हॉल्व्ह उघडणाऱ्या) इंजिनची चायनीज १२५ आहे. ६२ मिमीचं बोअर किट (मोठा सिलिंडर-पिस्टन) ऑनलाइन मागवलंय. बसेल ना?
— हडपसर

ते इंजिन होंडा सीजी १२५ च्या वंशाचं असेल तर मूळ बोअर ५६.५, स्ट्रोक ४९.५. ६२ चा पिस्टन टाकला की १४९ सीसी. बसवायला आधी क्रँक केसचं (सिलिंडरखालच्या इंजिनच्या खोक्याचं) तोंड लेथवर मोठं करावं लागेल, मग जेट, मग क्लच प्लेट घसरायला लागतील, मग मागचा ड्रम ब्रेक तोच, आणि आरसीवर सीसी जुनाच. अॅक्सिडेंट झाला तर इन्शुरन्सवाला पहिलं तेच वाचणार. रिटर्नची मुदत संपली नसेल तर खोका उघडू नका.