वाचकांचे प्रश्न : चकचकीत जहाजांच्या जमान्यातला एक तोफखानावाला

प्रश्न : नमस्कार सर, मागच्या अंकात पाणबुड्यांबद्दल लिहिताना तुम्ही पर्सी स्कॉट या ब्रिटिश ॲडमिरलचं नाव घेतलंत आणि लगेच पुढे गेलात. हा माणूस नक्की कोण, त्याचं करिअर कसं झालं, जरा सविस्तर सांगा ना. (एक वाचक, सातारा)

उत्तर : सविस्तरच सांगतो, कारण हा माणूस मला मनापासून आवडतो आणि आपल्याकडे त्याच्याबद्दल फारसं कुणी लिहीत नाही. जन्म १८५३ चा, लंडनचा. १८६६ साली, म्हणजे तेराव्या वर्षी, नौदलात कॅडेट म्हणून भरती. तेव्हा जहाजांवर वाफेची इंजिनं आली होती पण शिडं अजून गेली नव्हती, आणि कॅप्टनचं नाव व्हायचं ते जहाज किती चकचकीत आहे यावर. पितळ घासलेलं, रंग ताजा, शिडं झटपट चढतात-उतरतात, की झाला तो कॅप्टन चांगला. कित्येक ऑफिसर स्वतःच्या खिशातून पैसे घालून जादा रंग आणायचे. चांदमारी, म्हणजे निशाणावर तोफा मारायचा सराव, मात्र कुणालाच नको असायची, तोफांच्या धुराने तोच रंग काळा पडायचा ना.

स्कॉट याच्या बरोबर उलटा. तो तोफखान्याकडे वळला, पोर्ट्समथच्या एचएमएस एक्सलंट या तोफखाना शाळेत शिकला, पुढे तिथेच शिकवलं, १८९३ ला कॅप्टन झाला आणि १८९६ ला त्याला भूमध्य समुद्रात सिला नावाची क्रूझर, म्हणजे मधल्या आकाराची वेगवान युद्धनौका, मिळाली. खरी गोष्ट इथून सुरू होते.

समुद्रात जहाज सतत डुलत असतं, त्यामुळे तोफेची नळी कधी आकाशाकडे तर कधी पाण्याकडे. तेव्हाची पद्धत अशी होती की तोफचीने नळी एका कोनात ठेवायची आणि जहाज डुलता डुलता दुर्बीण निशाणावर आली की त्या क्षणी गोळा सोडायचा. पण डोळ्याने पाहून हाताने सोडेपर्यंत जहाज पुढे डुललेलं असायचं आणि गोळा एकतर वरून जायचा नाहीतर पाण्यात पडायचा. ताफ्यातले साधारण एक तृतीयांश गोळे लागायचे, तेही जवळच्या, न हलणाऱ्या निशाणावर, आणि एवढं पुरे असंच सगळे धरून चालले होते.

स्कॉटने एका चांदमारीत पाहिलं की सगळ्यांचे नेम चुकत असताना एकच तोफची बरे नेम मारतोय. त्याच्या हाताकडे नीट लक्ष दिलं तर तो नळी वरखाली करायचं चाक थांबवतच नव्हता, जहाज डुलेल तसं फिरवत राहायचा, म्हणजे दुर्बीण निशाणावरून हलूच देत नव्हता. त्याला हे कुणी शिकवलं नव्हतं. दुसरा कॅप्टन असता तर या पोराचा हात चांगला आहे म्हणून पाठ थोपटून मोकळा झाला असता. स्कॉटने मात्र विचार केला की जे एकाला जमतं ते सगळ्यांना जमलं पाहिजे, आणि जमत नसेल तर अडचण माणसात नाही, यंत्रात आणि शिकवण्यात आहे. त्याचं मोठेपण मला नेमकं इथे वाटतं.

मग त्याने चाकाचे गिअर बदलून घेतले, म्हणजे नळी पटकन हलेल, दुर्बिणी सुधारल्या आणि जहाजावरच एक साधं यंत्र बनवून घेतलं, त्याला डॉटर म्हणायचे. तोफेसमोर एक छोटं कार्ड वरखाली सरकतं, त्यावर निशाण काढलेलं असतं, तोफचीने चाक फिरवत त्याचा पाठलाग करायचा आणि ट्रिगर दाबला की एक पेन्सिल कार्डावर ठिपका मारते, म्हणजे गोळा कुठे गेला असता ते लगेच कळतं. एकही गोळा खर्च न करता, बंदरात उभं राहून रोज सराव. गोळा भरणाऱ्या खलाशांसाठीही असंच वेगळं यंत्र, त्यावर तेच काम परत परत, हात बसेपर्यंत. १८९९ च्या स्पर्धेत सिलाच्या ४.७ इंची तोफांनी ७० पैकी ५६ गोळे लावले, ८० टक्के! नौदलात आधी कुणाचा विश्वासच बसेना, काहींना तर वाटलं की मोजण्यात गडबड आहे. मग स्कॉट टेरिबल या मोठ्या क्रूझरवर गेला आणि चीनच्या समुद्रात ६ इंची तोफांवर पुन्हा तेवढंच करून दाखवलं. तिथे त्याची ओळख झाली विल्यम सिम्स या अमेरिकन ऑफिसरशी. सिम्सने हे सगळं टिपून घेतलं, वॉशिंग्टनला रिपोर्टवर रिपोर्ट पाठवले, कुणी दाद देईना तेव्हा थेट राष्ट्राध्यक्ष थिओडोर रुझवेल्टला पत्र लिहिलं, आणि अमेरिकन नौदलाची चांदमारीच बदलून गेली.

प्रश्न : बोअर युद्धात नौदलाच्या तोफा जमिनीवर नेल्या होत्या असं वाचलं, त्यात हाच स्कॉट होता का? आणि आपल्या लोकांचा याच्याशी काही संबंध येतो का? (एक वाचक, नागपूर)

उत्तर : हो, हाच. १८९९ च्या ऑक्टोबरमध्ये टेरिबल चीनला जाताना केपमार्गे गेली. तिकडे दक्षिण आफ्रिकेत ब्रिटिश आणि बोअर, म्हणजे तिथले डच वंशाचे लोक, यांचं युद्ध पेटलं होतं. लॅडिस्मिथ गावात ब्रिटिश सैन्यासमोर बोअरांच्या लाँग टॉम या लांब पल्ल्याच्या फ्रेंच बनावटीच्या तोफा उभ्या होत्या आणि तेवढ्या लांब मारणारं ब्रिटिशांकडे काही नव्हतं. तारा आल्या, लांब पल्ल्याच्या तोफा पाठवा. आता जहाजावरची तोफ म्हणजे डेकला पक्की बसवलेली, ती जमिनीवर ठेवणार कशावर? स्कॉटने सायमन्सटाउनच्या गोदीत जाड लाकडी तुळया एकमेकींना बोल्ट करून पायथा बनवून घेतला, लहान तोफांना तर बैलगाडीसारखी चाकं लावली, आणि एकदोन दिवसांत हे सगळं पॉवरफुल या जहाजावर चढवून रवाना केलं. कॅप्टन लॅम्टन त्या तोफा घेऊन ३० ऑक्टोबरला रेल्वेने लॅडिस्मिथला पोचला आणि चारच दिवसांत गावाला वेढा पडला. थोडा उशीर झाला असता तर तोफा बाहेरच राहिल्या असत्या.

नंतर स्कॉट डर्बनचा लष्करी कमांडंट झाला. वेढ्यातल्या लोकांना निरोप द्यायला त्याने जहाजाचा सर्चलाइट रेल्वेच्या वाघिणीवर चढवला, त्याला उघडझाप करणारी पट्ट्यांची झडप लावली आणि रात्री ढगांवर प्रकाश टाकून मोर्सचे निरोप पाठवले.

आपल्या लोकांचं म्हणाल तर त्याच डर्बनमध्ये तेव्हा गांधीजी वकिली करत होते आणि त्यांनी जखमींना उचलून आणायला हिंदी लोकांचं पथक उभं केलं होतं, सुमारे ११०० माणसांचं. आणि लॅडिस्मिथच्या आत होता प्रभुसिंग, एक गिरमिटिया, म्हणजे करारावर आणलेला, मजूर. उंबुलवाना टेकडीवरची बोअरांची तोफ गावावर गोळे टाकायची, तर प्रभुसिंगचं काम असं की उघड्यावर बसून त्या टेकडीवर नजर ठेवायची आणि तोफेचा लखलखाट दिसला की घंटा वाजवायची, म्हणजे गोळा येऊन पडेपर्यंत लोक आडोसा गाठतील. त्याला स्वतःला आडोसा नाही. गांधीजींनी त्याच्याबद्दल आवर्जून लिहिलंय, आणि व्हाइसरॉय कर्झनच्या पत्नीने त्याला मानाचा झगा पाठवला होता. स्कॉटच्या तोफांची गोष्ट सांगताना प्रभुसिंगचं नाव घेतलंच पाहिजे असं मला वाटतं.

प्रश्न : स्कॉटला भर ताफ्यासमोर बोलणी खावी लागली होती, ते रंगाचं प्रकरण काय होतं? (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : नोव्हेंबर १९०७. स्कॉट आता रिअर ॲडमिरल, मधल्या काळात एक्सलंटचा प्रमुख आणि नंतर सगळ्या नौदलाच्या चांदमारीचा इन्स्पेक्टर राहून आलेला, हाताखाली क्रूझरांची तुकडी, फ्लॅगशिप, म्हणजे ॲडमिरलचं स्वतःचं जहाज, गुड होप. त्याच्या वरचे साहेब लॉर्ड चार्ल्स बेरेसफर्ड. जर्मनीचा सम्राट कैसर इंग्लंडच्या भेटीला येणार होता, म्हणून बेरेसफर्डने हुकूम काढला की जहाजं रंगवून तयार ठेवा. रॉक्सबर्ग या जहाजाचा सराव चालू होता, तिने विचारलं की तो पुरा करू का. स्कॉटने सिग्नलने उत्तर दिलं की सध्या नेमबाजीपेक्षा रंगाला जास्त मागणी दिसते, तेव्हा वेळेवर आत या आणि ८ तारखेपर्यंत नटूनथटून तयार व्हा.

सिग्नल सगळ्यांना दिसतो, तो बेरेसफर्डपर्यंत पोचला. त्याने स्कॉटला फ्लॅगशिपवर बोलावून दुसऱ्या ॲडमिरलांच्या समोर झापलं आणि वर ते सगळ्या ताफ्याला सिग्नलने कळवलंही. पेपरवाल्यांना आयतं खाद्य मिळालं. वरिष्ठाच्या हुकमाची अशी टर उडवणं शिस्तीत बसत नाही हे मान्यच, आणि स्कॉटची जीभ तिखट होती, शोधांची पेटंट घ्यायचा म्हणूनही लोक नाराज असायचे. पण मूळ मुद्द्यात तो बरोबर होता. नौदलाचा प्रमुख जॅकी फिशर आणि बेरेसफर्ड यांचं हाडवैर होतं, स्कॉट फिशरचा माणूस, त्यामुळे नापसंतीच्या पत्रावर भागलं. पण १९०९ नंतर त्याला पुन्हा समुद्रावर कमांड मिळाली नाही.

त्या गुड होपचं पुढे काय झालं तेही सांगतो. १९१४ ला पहिलं महायुद्ध सुरू झालं तेव्हा तिच्यावर घाईघाईत गोळा केलेले राखीव खलाशी होते, ज्यांना सराव करायला वेळच मिळाला नाही. १ नोव्हेंबरला चिलीच्या किनाऱ्याजवळ कोरोनेलला जर्मनांच्या शार्नहोर्स्ट आणि ग्नायझेनाउशी गाठ पडली. त्या जहाजांचे तोफची वर्षानुवर्षं एकत्र सराव केलेले, बक्षिसं मिळवलेले. गुड होप बुडाली, एकही माणूस वाचला नाही.

प्रश्न : डायरेक्टर फायरिंग म्हणजे काय? सोप्या भाषेत सांगा. (एक वाचक, रत्नागिरी)

उत्तर : लढाईचं अंतर वाढत गेलं तसं प्रत्येक तोफचीला खाली धुरातून आणि तुषारांतून काही दिसेना. स्कॉट म्हणाला, नेम एकानेच धरायचा, उंच डोलकाठीवर बसून, धुराच्या वर. त्याची दुर्बीण हलली की विजेच्या तारांनी प्रत्येक तोफेपाशी काटा हलतो, खालच्याने फक्त आपला काटा त्याला जुळवायचा, आणि वरच्याने ट्रिगर दाबला की सगळ्या तोफा एकदम. सगळे गोळे एका ठिकाणी पडतात, चूक किती झाली ते दिसतं, पुढचा नेम सुधारतो.

यासाठी त्याला वर्षानुवर्षं झगडावं लागलं. ॲडमिरल जेलिको पाठीशी होता म्हणून निदान चाचणी तरी झाली, १३ नोव्हेंबर १९१२ ला, आयर्लंडच्या किनाऱ्याजवळ. थंडररवर डायरेक्टर, ओरायन जुन्या पद्धतीने, जहाजं सारखीच, अंतर सुमारे ९००० यार्ड, वेळ प्रत्येकी साडेतीन मिनिटं. थंडररने साधारण सहापट गोळे लावले. एवढं होऊनही ऑगस्ट १९१४ मध्ये फक्त ८ युद्धनौकांवर ते यंत्र होतं. १९१६ च्या जटलंडच्या लढाईपर्यंत जवळपास सगळ्या मोठ्या जहाजांवर बसलं होतं. त्याच लढाईत डिफेन्स ही क्रूझर सगळ्या माणसांसकट बुडाली, तिच्यावर स्कॉटचा मोठा मुलगा मिडशिपमन, म्हणजे शिकाऊ ऑफिसर, होता.

प्रश्न : मग पाणबुडीचं भाकीत खरं ठरलं की नाही? आणि त्याचं लिहिलेलं काही वाचायला मिळेल का? (एक वाचक, पणजी)

उत्तर : अर्धं ठरलं. जून १९१४ मध्ये त्याने लंडनच्या टाइम्स या वर्तमानपत्राला पत्र लिहिलं की मोटारीने जसा रस्त्यावरून घोडा हटवला तशी पाणबुडी समुद्रावरून युद्धनौका हटवणार, तेव्हा आता विमानं आणि पाणबुड्या बांधा. बेरेसफर्डसकट बऱ्याच जणांनी ते उडवून लावलं. तीनच महिन्यांनी, २२ सप्टेंबरला, यू-९ या एका जर्मन पाणबुडीने सकाळच्या दीड तासात अबुकीर, होग आणि क्रेसी या तीन क्रूझर बुडवल्या आणि १४०० हून जास्त माणसं गेली. युद्धनौका काही लगेच संपल्या नाहीत, दुसऱ्या महायुद्धापर्यंत टिकल्या, पण पाणबुडीच्या धास्तीने सगळा ब्रिटिश ताफा जपून वावरायला लागला हे खरं.

निवृत्त झालेल्या स्कॉटला मग परत बोलावलं. आधी मालवाहू जहाजांवर लाकूड आणि कॅनव्हास चढवून खोट्या युद्धनौका बनवण्याचं काम दिलं, १९१५ ला झेपलिन या जर्मन हवाई जहाजांच्या हल्ल्यांपासून लंडन वाचवायचं. तिथे आल्या आल्या त्याने पॅरिसहून ७५ मिलीमीटरची फिरती विमानविरोधी तोफ मागवून घेतली.

१९२४ ला तो गेला. त्याच्या आठवणींचं पुस्तक १९१९ चं आहे, फिफ्टी इयर्स इन द रॉयल नेव्ही, इंग्रजीत, कॉपीराइट संपलेलं, त्यामुळे नेटवर फुकट मिळतं. ॲडमिरल्टीवरचा, म्हणजे नौदलाच्या मुख्यालयावरचा, राग पानोपानी आहे, तेव्हा वाचताना दुसरी बाजूही लक्षात ठेवा, पण सिला आणि लॅडिस्मिथची प्रकरणं आधी वाचा, ती फार सुरेख उतरली आहेत.