तोंडावर ‘हो’ म्हणतात, मग काम का होत नाही? (थायलंडमधल्या एका मराठी इंजिनिअरची केस)

मी पुण्यातून ऑनलाईन समुपदेशन करते. थायलंडमधे राहणाऱ्या मराठी लोकांकडून मला एक प्रश्न फिरून फिरून येतो, शब्द थोडे इकडेतिकडे पण मुद्दा तोच: “मॅडम, इथली माणसं गोड हसतात, हो हो म्हणतात आणि काम काही करत नाहीत, आणि मी चिडलो की मीच वाईट ठरतो. माझं काही चुकतंय का ही लोकंच अशी?” प्रत्येकाला वेगळं उत्तर टाईप करण्यापेक्षा एक केस सांगते. त्यांची परवानगी घेतलीय आणि ओळख लागेल असे सगळे तपशील बदललेत. नावाऐवजी आपण त्यांना नाशिककर म्हणू.

वय चाळिशीच्या आसपास, रायोंगकडच्या इंडस्ट्रियल पट्ट्यात गाड्यांचे पार्ट बनवणाऱ्या कारखान्यात क्वालिटीचे हेड, जाऊन चौदा महिने झालेले, बायको आणि सातवीतली मुलगी सोबत. आमचं सेशन पुण्यात संध्याकाळी सातला म्हणजे तिकडे साडेआठला, ते तेव्हा नुकतेच कंपनीच्या व्हॅनमधून उतरलेले असायचे, गळ्यात आयडी तसाच. पहिल्या दिवशी हॅलो वगैरे काही नाही, थेट “मॅडम, मी ह्या लोकांना कंटाळलोय.”

आणि मग पाऊण तास यादी. शुक्रवारी रिपोर्ट मिळेल का विचारलं तर “दाय खप”, होईल म्हणून, आणि शुक्रवारी रिपोर्ट नाही, वर कुणी त्याबद्दल बोलतही नाही. दर नव्वद दिवसांनी इमिग्रेशनला पत्ता कळवायचा, दर वेळी एक झेरॉक्स कमीच पडते. देशाबाहेर जायचं तर आधी री-एंट्री परमिट काढा नाहीतर व्हिसाच रद्द. कागदांवर वर्ष त्यांचं, आपल्यापेक्षा ५४३ नी पुढे, २०२५ म्हणजे २५६८, एकदा तर दुधाच्या पाकिटावरची एक्सपायरी बघून हे पाच मिनिटं दुकानात उभे. प्रत्येक भाजीत फिश सॉस. ऑफिसमधल्या बाईने सगळ्यांसमोर हसत सांगितलं की तुम्ही जाड झालात. आणि बाजारात मागून ऐकू येतं “खॅक”.

जाड झाल्याचं ऐकून मला हसू आलं, मी लपवलं नाही. म्हटलं आपल्याकडे लग्नात भेटलेली आत्या पहिलं वाक्य काय बोलते? तेही हसले, पण तेवढ्यापुरतंच.

खॅक मात्र मी हसण्यावारी नेलं नाही. ह्या शब्दाचा मूळ अर्थ पाहुणा, पण तो भारतीय, अरब, मलय अशा सगळ्यांना सरसकट लावतात आणि बोलणाऱ्याच्या आवाजावर ठरतं की ते नुसतं वर्णन आहे की हिणवणं. आपण नाही का सगळ्या दाक्षिणात्यांना मद्रासी म्हणून मोकळे होतो. पण एका घरमालकाने ह्यांना फोनवर भारतीय आहात कळल्यावर फ्लॅट द्यायचं नाकारलं होतं, कारण काय तर मसाल्याचा वास. हा भेदभावच आहे, ह्याला “त्यांची संस्कृती समजून घ्या” असं गोड नाव मी देणार नाही, आणि क्लायंटला अपमान गिळायला शिकवणं हे माझं काम पण नाही. तसंच इमिग्रेशनच्या झेरॉक्सचं, तो मनाचा प्रश्न नाही हो, आपल्या तहसील कचेरीतही तेच होतं, त्यासाठी एजंट लावा आणि सुटा. हे दोन विषय आम्ही पहिल्याच दिवशी बाजूला काढले कारण सगळ्या रागाचं एकच गाठोडं झालं की आतलं काहीच दिसत नाही.

झोप, भूक, दारू हे मी आधी विचारतेच. झोप दोन महिने बिघडलेली, बिअर शनिवारची होती ती रोजची झालेली. म्हटलं तिकडच्या डॉक्टरांना एकदा दाखवून या, ते त्यांनी केलं, बिअर परत शनिवारवर यायला मात्र वेळ लागला. परदेशात सुरुवातीचे महिने सगळं छान वाटतं आणि नंतर बारीकसारीक गोष्टींचा संताप यायला लागतो, कालेर्व्हो ओबर्ग नावाच्या मानववंश अभ्यासकाने १९६० मधे हे लिहून ठेवलंय. पण नुसतं “असं होतं सगळ्यांना” म्हटल्याने कुणाचा राग उतरलेला मी तरी पाहिला नाही.

खरी गोष्ट तिसऱ्या सेशनला बाहेर आली. तीन महिन्यांपूर्वी लाईनवर एका टेक्निशियन पोराच्या हातून मोजायचा गेज खाली पडला. महागडी वस्तू, आणि पोरगा हसला. नाशिककरांचं डोकंच फिरलं, हा मला हसतो? ते सगळ्यांसमोर ओरडले, “व्हॉट इज सो फनी?” सगळी लाईन गप्प. पोराने कॅप काढली, हात जोडले, “खो थोत खप” म्हणाला, माफ करा म्हणून, आणि तरीही चेहऱ्यावर ते हसू तसंच. दुसऱ्या दिवशी तो आला नाही आणि आठवडा संपायच्या आत राजीनामा. बाकीचे नेहमीसारखे हसून बोलत राहिले, फक्त त्या दिवसानंतर जेवायला ह्यांच्या टेबलावर कुणी बसेना आणि प्रत्येक रिपोर्टमधे सगळं ओके, ओके, ओके.

“मला वाटलं सुधारले,” ते म्हणाले. “मग कस्टमरकडून आख्खा लॉट परत आला.”

आता ते हसू. थाई लोकांमधे लाज वाटली, ओशाळलं, काय बोलावं सुचेना की हसू येतं, आपल्याकडेही मास्तरांनी पकडल्यावर काही पोरं तशीच हसायची आणि म्हणून दोन छड्या जास्त खायची. आणि चारचौघात चेहरा पडणं, त्याला ते “सिया ना” म्हणतात, ही तिथे फार मोठी गोष्ट. सुंतरी कोमिन या थाई संशोधक बाईंनी १९९० च्या सुमारास थाई लोकांच्या मूल्यांचा अभ्यास मांडला त्यात स्वतःची आणि समोरच्याची इभ्रत जपणं सगळ्यात वर होतं, कामाची धडाडी खाली. म्हणजे ह्यांनी ओरडून शिस्त लावली असं ह्यांना वाटलं, आणि लाईनने काय धडा घेतला, तर ह्या साहेबाला वाईट बातमी सांगायची नाही.

हे मी समजावलं तेव्हा ते मान डोलावत होते, पण मला दिसत होतं की आत काही जात नाहीये. इंजिनिअर माणसाला व्याख्यान देऊन उपयोग नसतो, त्याला डेटा लागतो. म्हणून होमवर्क दिला की दोन आठवडे तुम्हाला मिळालेला प्रत्येक “हो” लिहायचा, आणि नंतर त्याचं काय झालं तेही.

त्यांनी एक्सेल केलं, अर्थात. आणि मस्त केलं. त्यात होकाराचे चार नंबर पाडले. एक, “ऐकलं”. दोन, “जमेल”. तीन, “बघतो प्रयत्न करून”. चार, “नाही जमणार पण तुम्हाला तोंडावर कसं सांगू”. त्यांचे त्यांनाच कळलं की पुरुष जे “खप” म्हणतात (बायका “खा” म्हणतात, आपल्याला वाटतं जेवायचाच आग्रह चाललाय) ते बहुतेक वेळा एक नंबर असतं. वाक्याच्या शेवटी अदबीसाठी लावतात आणि नुसतं म्हटलं तर ऐकतोय असाही अर्थ होतो, फोनवर आपण हं हं करतो ना, तसं. हा माणूस चौदा महिने हुंकाराला वचन समजून कॅलेंडरवर लिहीत होता.

पण चार नंबर बघितला की त्यांचा आवाज चढायचा. “हे खोटं बोलणं आहे मॅडम. सरळ नाही म्हणा ना. आपल्याकडे असं नसतं.”

ह्या वाक्याला मागून आवाज आला. बायको स्वयंपाकघरात होती, सेशनमधे नव्हती खरं तर, पण फ्लॅट छोटा. “ह्यांना विचारा, आईंना दर रविवारी फोनवर काय सांगतात.”

नाशिककर गप्प.

“सगळं मस्त चाललंय आई, एकदम मजेत. आणि त्या चुलतभावाचं पण सांगा की.”

चुलतभावाचं असं होतं की त्याच्या मुलाला थायलंडमधे चिकटवता येईल का असं त्याने विचारलेलं आणि हे म्हणाले होते, “बघू या, सीव्ही पाठव.” सीव्ही आला. त्याला आठ महिने झाले. ते काही होणार नाही हे ह्यांना पहिल्या दिवशीच माहीत होतं, पण मोठा भाऊ, लहानपणी त्याच्या सायकलवर डबलसीट शाळेत गेलेले, त्याला नाही कसं म्हणायचं.

मी काहीच बोलले नाही, एवढंच विचारलं, “हे कितव्या नंबरात टाकायचं?” बराच वेळ स्क्रीनवर नुसता पंखा फिरताना दिसत होता. मग म्हणाले, “चारच.”

थाई भाषेत ह्याला “क्रेंग जाय” म्हणतात, त्याचं इंग्रजी करताना लोकांची दमछाक होते, पण मराठीला काही कष्टच नाहीत, आपल्याकडे शब्द तयार आहे. भीड. समोरच्याला त्रास नको, त्याचा शब्द खाली पडायला नको, त्याचं मन दुखायला नको म्हणून स्वतःचं गिळायचं. भीड भिकेची बहीण अशी म्हण करून आपण तिची टिंगल केली, पण ती सोडली कुठे? फरक आहे, नाही असं नाही. आपली भीड नात्यात आणि घरात जास्त, कामावर आपण भांडून मोकळे होतो, दुपारी परत एका डब्यात जेवतो. त्यांची भीड थेट शॉपफ्लोअरवर येते, आणि वयाने, हुद्द्याने मोठ्यासमोर सगळ्यात जास्त. म्हणजे ह्यांच्यासमोर.

त्या दिवसानंतर काम सोपं झालं असं नाही, पण प्रश्न विचारायची पद्धत बदलली. “शुक्रवारपर्यंत होईल ना?” ह्या प्रश्नाला भिडस्त माणूस हो शिवाय काय उत्तर देणार? त्याऐवजी ते विचारायला लागले, “ह्यात अडेल कुठे? कुणाचं काम आधी व्हायला लागेल? मी कुणाशी बोलू?” तेही चारचौघात नाही, एकेकट्याला, किंवा लाईन ॲपवर मेसेज करून, तिथे सगळं त्यावरच चालतं. सगळ्यात उपयोगी पडली डिपार्टमेंटमधली एक वयाने मोठी सुपरवायझर बाई, तिला सगळे “पी” म्हणतात, म्हणजे ताई. पोरं साहेबाला जे सांगत नाहीत ते ताईला सांगतात आणि ताई दुपारच्या कॉफीला हळूच, इकडचं तिकडचं बोलत, सांगते. आधी नाशिककरांना हा चोंबडेपणा वाटायचा. मी म्हटलं तुमच्या वाड्यात नव्हती का अशी एक काकू, जिच्यामार्फत वडिलांपर्यंत मार्कशीट पोचायची?

तो पोरगा परत आला नाही, दुसरीकडे लागला होता. ह्यांनी ताईकडून नंबर घेऊन त्याला लाईन ॲपवर दोन ओळी लिहिल्या, सगळ्यांसमोर ओरडलो ते चुकलं, गेजचं काही नाही. उत्तरात हात जोडलेल्या अस्वलाचं स्टिकर आलं. “ह्याचा अर्थ काय समजायचा मॅडम?” मला काय ठाऊक! अस्वलाचा नंबर एक्सेलमधे नव्हता.

बायकोचं वेगळंच. ती डिपेंडंट व्हिसावर, वर्क परमिटशिवाय तिथे नोकरी करता येत नाही, नाशिकला शाळेत शिकवत होती ते सोडून आलेली. खरं तर कोलमडायला तिच्याकडे जास्त कारणं होती. पण ती रोज सकाळी बाजारात भाजीवाल्या म्हातारीकडे जायची, तिला “पा” म्हणायची, मावशीसारखं. पा रोज विचारायची “किन खाव रू यांग”, भात खाल्ला का. म्हणजे आपलं जेवलीस का, शब्दाला शब्द. पिवळ्या झेंड्यावर लाल अक्षरात “जे” लिहिलेली गाडी दिसली की तिथे फिश सॉस नसतो, कांदा लसूण पण नाही, हे तिला त्या ‘पा’नेच सांगितलं, आणि बाकी ठिकाणी “माय साय नाम प्ला” म्हणायचं हेही. चौदा महिने हे सगळं घरात तिला माहीत होतं, ह्यांनी कधी विचारलंच नव्हतं. तिचं स्वतःचं दुःख आहे, करिअरचं, त्यावर आम्ही वेगळी सेशन्स सुरू केलीत, ते इथे नाही लिहीत.

दिवाळीनंतर नाशिकहून चिवडा आला तो ह्यांनी ऑफिसमधे नेला. एक डबा अर्ध्या तासात संपला. मग त्यांनी ह्यांना मू कथावर नेलं, टेबलावर शेगडी, कडेने सूप, मधे मांस भाजायचं, सगळं पोर्क. हे कडेच्या सूपातलं मक्याचं कणीस आणि कोबी खात बसले तीन तास. कुणी काही बोललं नाही, पण पुढच्या वेळी ताईने आधीच मेसेज टाकला, तुमच्यासाठी वेगळी शेगडी सांगितलीय.

रिपोर्ट अजूनही उशिरा येतात. फरक इतकाच की आता येणार नाही हे बुधवारी कळतं. संताप येतो, गेल्याच महिन्यात मीटिंगमधे फाईल आपटली म्हणाले, मग स्वतःच बाहेर जाऊन पाणी पिऊन आले. आईला त्यांनी एका रविवारी सांगून टाकलं की मधे फार जड गेलं, आई म्हणाली मला आवाजावरून कळत होतं रे. चुलतभावाला अजून सांगितलेलं नाही.

दहाव्या सेशनच्या शेवटी मी म्हटलं, आता दर आठवड्याला नको, महिन्याने एकदा भेटू, तारीख ठरवून ठेवायची का?

“हो हो मॅडम, नक्की. मी बघून कळवतो तुम्हाला.”

मी नुसतं बघत राहिले. मागून बायकोच्या हसण्याचा आवाज आला.

“चार नंबर,” ते म्हणाले. “लिहून घ्या, पंधरा तारीख, साडेआठ.”