वाचकांचे प्रश्न : नववीच्या वर्गातली टाळी

प्रश्न : सप्रेम नमस्कार. मी पुण्यात सिंहगड रस्त्यावरील एका माध्यमिक शाळेत आठवी ते दहावीच्या वर्गांना मराठी शिकवते. माझ्या नववीच्या वर्गात हजेरी घेताना सहा क्रमांक पुकारला, की मागच्या बाकांवरून एक विशिष्ट प्रकारची टाळी वाजते आणि वर्ग हसतो. त्या क्रमांकाचा मुलगा शांत आहे, त्याचे अक्षर सुरेख आहे आणि तो मुलींबरोबर डबा खातो. त्याच्याविषयी याहून अधिक मला ठाऊक नाही. जूनमध्ये तो ‘हजर बाई’ म्हणत असे, आता नुसता हात वर करतो. दिवाळीच्या सुट्टीनंतर दहावीतील दोन मुली आणि एक मुलगा माझ्याकडे आले आणि एलजीबीटीक्यू, म्हणजे समलैंगिक, पारलिंगी (ट्रान्सजेंडर) आणि तत्सम, मुलांसाठी व त्यांच्या मित्रमैत्रिणींसाठी शाळेत एक गट सुरू करता येईल का, असे त्यांनी विचारले. आमचे मुख्याध्यापक सज्जन आहेत. ‘गट काढा, पण नाव मैत्री मंडळ ठेवा, ते शब्द कुठेही नकोत आणि येणाऱ्या प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी संमती घ्या,’ असे ते म्हणाले. संस्थेचे एक पदाधिकारी मात्र हे कायद्यात बसते का, आणि अशा गटामुळे चांगली मुलेही ‘तशी’ होणार नाहीत का, असे विचारतात. मी काय करावे?
— एक शिक्षिका, पुणे

उत्तर : बाई, आपल्या पत्रात दोन निरनिराळी कामे एकत्र आली आहेत, ती आधी वेगळी करू. टाळी थांबवणे हे शाळेचे काम आहे, आणि ते गट स्थापन होण्याची वाट न पाहता उद्याच्या हजेरीलाच सुरू झाले पाहिजे. गट हा मुलांना श्वास घेण्यासाठी असतो. चिडवणाऱ्यांना सुधारण्याची जबाबदारी त्याच्यावर टाकली, तर ज्यांचा छळ होतो त्यांनीच त्याचा बंदोबस्तही करावा, असा त्याचा अर्थ होतो. अनेक शाळा नेमके हेच करतात, भिंतीवर इंद्रधनुष्य रंगवतात आणि मागचे बाक होते तसेच राहतात.

टाळी वाजली की हजेरी थांबवा, वाजवणाऱ्याकडे पाहा आणि ‘ही टाळी माझ्या वर्गात चालणार नाही,’ एवढे एकच वाक्य बोलून पुढचा क्रमांक पुकारा. प्रवचन देऊ नका, आणि त्या क्षणी सहा क्रमांकाच्या मुलाकडे मुळीच पाहू नका, कारण आपली नजर तिकडे वळली की चाळीस जणांच्या नजरा तिच्यामागून जातात. ‘बायल्या’, ‘छक्का’, ‘मीठा’ या शब्दांनाही हाच नियम लावा, आणि तो शब्द ज्याला उद्देशून आला तो मुलगा तसा असो वा नसो, नियम बदलू नका. दोघांना समोर उभे करून हात मिळवायला लावण्याची आपल्याकडची पद्धत येथे घातक ठरते, कारण हे भांडण नव्हे. तासांच्या मधल्या पाच मिनिटांत मुलांच्या स्वच्छतागृहाजवळ एखादे शिक्षक उभे राहतील, अशी व्यवस्था करा. वर्गात टाळीवर थांबणारी गोष्ट तिथे बहुधा थांबत नाही. एका वहीत तारीख, ठिकाण, नेमके शब्द, उपस्थित मुले आणि आपण काय केले, हे लिहीत जा. पुढे प्रकरण वाढले तर ‘मुले थोडी थट्टा करतात’ या वाक्यापुढे ठेवायला आपल्याकडे ही वहीच असेल.

हे मी अनुभवाने लिहिते आहे. शिक्षिका असताना मीही अशाच एका मुलाला ‘सुरक्षित राहील’ म्हणून पहिल्या बाकावर आणून बसवले होते. चिडवणारे मागेच राहिले, आणि तो मात्र दिवसभर सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आला. महिन्याभरात त्याने डबा आणणे बंद केले, आणि त्याचे कारण मला फार उशिरा कळले.

आता कायद्याविषयी. सर्वोच्च न्यायालयाने ६ सप्टेंबर २०१८ रोजी प्रौढांमधील संमतीचे समलैंगिक संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून बाहेर काढले, आणि त्याआधी १५ एप्रिल २०१४ च्या निकालाने पारलिंगी व्यक्तींचा स्वतःची ओळख स्वतः ठरवण्याचा हक्क मान्य केला. पारलिंगी व्यक्तींविषयीच्या २०१९ च्या कायद्याचे तेरावे कलम शासनमान्य व अनुदानित शिक्षणसंस्थांवर भेदभावरहित, समावेशक शिक्षणाची जबाबदारी टाकते. २५ जुलै २०२५ रोजी विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी निर्देश देताना सर्वोच्च न्यायालयाने शाळांनाही त्यांत घेतले; शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या संस्थेत किमान एक पात्र समुपदेशक असावा आणि लैंगिक कलावरून, म्हणजे कोणाविषयी आकर्षण वाटते यावरून, होणाऱ्या छळाची तक्रार गोपनीयपणे करता यावी, ही अपेक्षा त्यांत आहे. आपल्या राज्याचा १९९९ सालचा रॅगिंगविरोधी कायदा तर चिडवण्यालाही रॅगिंग म्हणतो आणि लेखी तक्रार आल्यावर संस्थाप्रमुखाला सात दिवसांत चौकशी करायला सांगतो. म्हणून गट कायद्यात बसतो का, या प्रश्नाबरोबरच टाळी कायद्यात बसते का, हेही त्या पदाधिकाऱ्यांना नम्रपणे विचारावे.

मुले ‘तशी’ होतील या भीतीला मी एवढेच म्हणेन, की घर, वर्ग, चित्रपट आणि लग्नाचे मांडव यांनी अशा प्रत्येक मुलाला दहा-बारा वर्षे अखंडपणे उलट बाजूचे शिकवले, तरीही ते जसे होते तसेच राहिले. आठवड्यातून चाळीस मिनिटांच्या बैठकीत त्याहून मोठे सामर्थ्य कुठून येणार? जागतिक आरोग्य संघटनेने समलैंगिकता आजारांच्या यादीतून १९९० साली काढली. आपल्याकडे तर र. धों. कर्वे यांच्या ‘समाजस्वास्थ्य’ मासिकात वाचकांनी विचारलेल्या अशाच प्रश्नांना दिलेल्या उत्तरांवरून १९३४ साली खटला झाला होता आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने उभे राहिले होते. खटला ते हरले. तेव्हा आपण मराठीत हे बोलायला लागून नव्वद वर्षे उलटली, हे संस्थेच्या मंडळींना सांगायला हरकत नाही.

मुख्याध्यापकांच्या दोन सूचनांपैकी नावाची सूचना निम्मी मान्य करावी. नाव मैत्री मंडळ असू द्या, पण सूचनाफलकावर त्याखाली ‘एलजीबीटीक्यू विद्यार्थी आणि त्यांचे मित्र’ ही ओळ हवीच, कारण ते शब्द कुठेच नसतील तर ज्याच्यासाठी मंडळ आहे त्यालाच ते आपल्यासाठी आहे हे कळणार नाही आणि वर्षाअखेर तिथे केवळ शुभेच्छापत्रे रंगवली जातील. ‘आणि त्यांचे मित्र’ हे शब्दही शोभेसाठी नाहीत. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्समधील कॉनकॉर्ड अकॅडमीत १९८८ साली अशा गटाला ‘गे-स्ट्रेट अलायन्स’ हे नाव पडले, आणि मित्रांचा उल्लेख नावातच असल्यामुळे खोलीत शिरणाऱ्याविषयी बाहेरच्याला काहीच ठरवता येत नाही. दिल्लीच्या टागोर इंटरनॅशनल स्कूलमध्येही ‘ब्रेकिंग बॅरिअर्स’ नावाची मोहीम विद्यार्थ्यांनीच चालवली आहे, तेव्हा ही परदेशी खुळे आहेत असे म्हणण्याचे कारण नाही.

प्रत्येक मुलाच्या पालकांची लेखी संमती मात्र घेऊ नये, असे माझे स्पष्ट मत आहे. ज्या मुलाला घरी सांगण्याची सर्वांत अधिक भीती आहे, त्यालाच आधी घरी सांगायला लावणारी ही अट आहे. त्याऐवजी विज्ञान मंडळ, वाङ्मय मंडळ यांच्या जोडीने याही मंडळाची माहिती सर्व पालकांना एकाच पत्रकातून द्यावी. बैठक शाळा सुटल्यावर टोकाच्या खोलीत नको, मधल्या सुट्टीत ग्रंथालयात घ्यावी, म्हणजे पुस्तक बदलायला आलेलेही आत-बाहेर करत राहतील. हजेरीपट ठेवू नये. हल्ली अनेक उपक्रमांचे जिओ-टॅग केलेले, म्हणजे ठिकाणाची नोंद असलेले, छायाचित्र अहवालाला जोडावे लागते. या मंडळाचे छायाचित्र रिकाम्या खुर्च्यांचे किंवा फळ्यावरच्या विषयाचे काढा, चेहऱ्यांचे नको. शाळेच्या व्हॉट्सअॅप समूहावर तर काहीच टाकू नये.

एक सावधगिरी. ‘तू काहीही सांग, मी कुणाला सांगणार नाही,’ असे सरसकट वचन कोणत्याही मुलाला देऊ नका. मुलाचा कल किंवा लिंगभाव (ते स्वतःला मुलगा मानते, मुलगी की आणखी काही) हे त्याचे गुपित आहे आणि ते आपल्यापाशीच राहिले पाहिजे. परंतु कोणी लैंगिक अत्याचार केल्याचे ते सांगत असेल, तर बालकांच्या लैंगिक अत्याचारांपासून संरक्षणाच्या २०१२ च्या पॉक्सो कायद्यानुसार ते पोलिसांना कळवणे आपल्याला बंधनकारक आहे, आणि जिवाला धोका असेल तर गप्प बसता येत नाही. ही मर्यादा पहिल्याच बैठकीत सांगून टाका. १०९८ ही बालकांसाठीची आणि १४४१६ ही टेलिमानसची, म्हणजे मानसिक आरोग्यासाठीची, दूरध्वनी सेवा ग्रंथालयाच्या दारामागे लिहून ठेवा, फलकावर नको, कारण फलकासमोर उभे राहून क्रमांक लिहून घेणारा सगळ्यांना दिसतो.

सहा क्रमांकाच्या मुलाला गटात या, असे बोलावू नका. तो कोण आहे हे त्याने अजून कोणाला सांगितलेले नाही, कदाचित त्यालाही ठरवायचे आहे, आणि कदाचित तो फक्त शांत मुलगा आहे. त्याच्या घरी कळवण्याची वेळ आलीच, तर ‘काही मुले त्याला चिडवतात आणि आम्ही त्या मुलांशी बोललो आहोत,’ एवढेच कळवावे.

प्रश्न : माझी मुलगी दहावीत आहे. तिच्या शाळेत असा एक गट आहे आणि ती दर सोमवारी त्याला जाते. परवा तिने आईला सांगितले, की तिला मुली आवडतात. तिला एखाद्या डॉक्टरांकडे नेऊन यातून बाहेर काढता येईल का? निदान बोर्डाच्या परीक्षेपर्यंत गट बंद करावा का?
— एक वडील, कोथरूड

उत्तर : ‘यातून बाहेर काढणारे’ उपचार अस्तित्वात नाहीत, आणि तसा प्रयत्न करणाऱ्या डॉक्टरांचे वर्तन राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली व्यावसायिक गैरवर्तन ठरवले आहे. ती खचलेली असेल, झोपत नसेल, जेवत नसेल, तर मानसोपचारतज्ज्ञांकडे अवश्य न्या, मात्र त्या खचण्यासाठी, आणि ते कशासाठी आहे हे तिला आधी सांगून. गट बंद करू नका. दहावीच्या वर्षात जिथे तिला काही लपवावे लागत नाही अशी तेवढीच एक जागा असेल. आपली भीती मी समजू शकते, आणि ती बोलण्यासाठी आपल्यालाही एखादा समुपदेशक हवा असेल तर त्यात संकोच नको. आईला तिने सांगितले, आपल्याला अजून सांगितलेले नाही. तेव्हा आईकडून कळले आहे हे तिला आईनेच सांगावे, आणि त्यानंतरच्या सोमवारी तिला घ्यायला आपण जावे.