कॅमेऱ्यामागे कोण उभं असतं?

वाचकांचे प्रश्न : चित्रपटसृष्टीतला वर्ण, स्त्री-पुरुष भेद आणि कामाची वाटणी

प्रश्न : ऑस्करने आता कोटा ठेवला आहे म्हणे. कृष्णवर्णीय कलाकार आणि स्त्रिया नसतील तर चित्रपट स्पर्धेतच घेत नाहीत. हे खरं आहे का? मग गुणवत्तेचं काय? (एक वाचक, नाशिक)

नियम आहे, पण तो फॉरवर्ड होऊन आलेल्या मेसेजमध्ये असतो तसा नाही. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने तो सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर केला. पहिली दोन वर्षं नुसते फॉर्म भरून घेतले आणि २०२४ च्या सोहळ्यापासून तो सक्तीचा केला. तोही ‘सर्वोत्कृष्ट चित्रपट’ या एकाच पुरस्कारासाठी. अभिनय, दिग्दर्शन, संकलन यांना तो लागू नाही.

निकष चार आहेत आणि त्यांतले कोणतेही दोन पुरतात. पहिला पडद्यावरचा. प्रमुख किंवा महत्त्वाच्या सहायक भूमिकेत कमी प्रतिनिधित्व असलेल्या वंशगटातली एक तरी व्यक्ती हवी, किंवा बाकीच्या भूमिकांपैकी ३० टक्के अशा किमान दोन गटांतल्या हव्यात, किंवा मूळ कथाच त्यांच्याविषयी हवी. स्त्रिया, समलिंगी व ट्रान्स व्यक्ती आणि अपंग व्यक्ती हेही गटांत मोजले जातात. दुसरा निकष कॅमेऱ्यामागचा. विभागप्रमुखांपैकी किमान दोघे या गटांतले हवेत आणि त्यांतला एक तरी वंशाच्या निकषावर बसणारा हवा. त्याऐवजी तंत्रज्ञांपैकी कमी प्रतिनिधित्व असलेल्या वंशगटांतले सहा जण किंवा एकूण युनिटच्या ३० टक्के लोक दाखवता आले तरी चालतं. तिसरा निकष पगारी उमेदवारी (म्हणजे शिकाऊ काम) आणि प्रशिक्षणाचा, चौथा मार्केटिंग-वितरणातल्या वरिष्ठ अधिकाऱ्यांचा.

आता फट कुठे आहे ते पाहा. तिसरा आणि चौथा निकष चित्रपटाशी नव्हे, कंपनीशी जोडलेला आहे. मोठ्या स्टुडिओकडे उमेदवारीची योजना आणि मार्केटिंगमध्ये योग्य ते अधिकारी असतातच. म्हणजे दिग्दर्शक, छायालेखक आणि सगळे नट गोरे पुरुष असले तरी चित्रपट आरामात पात्र ठरतो. दुसरा निकषही केशभूषा आणि वेशभूषेच्या प्रमुख नेमून भागवता येतो, त्यांतली एक वंशाच्या निकषावर बसली की पुरे, आणि त्या खात्यांत स्त्रिया आधीपासूनच होत्या. नियम सक्तीचा झाला त्याच वर्षी ‘ओपनहायमर’ला पुरस्कार मिळाला. तेव्हा गुणवत्तेची काळजी नसावी. नियम फार सौम्य आहे, अशी तक्रार मात्र करायला जागा आहे.

तो आला कशामुळे, तेही लक्षात घ्या. २०१५ आणि २०१६ अशी सलग दोन वर्षं अभिनयाची वीसच्या वीस नामांकनं गोऱ्यांना गेली. त्याआधी, २०१२ मध्ये ‘लॉस एंजेलिस टाइम्स’ने अकादमीचे मतदार तपासले होते. त्यांतले सुमारे ९४ टक्के गोरे आणि ७७ टक्के पुरुष निघाले. निवडायला कोण बसलंय, हा प्रश्न आपल्यालाही चुकलेला नाही. २०२४ मध्ये भारताची ऑस्कर प्रवेशिका ठरवणाऱ्या फिल्म फेडरेशनच्या तेरा जणांच्या समितीत एकही स्त्री नव्हती. ‘लापता लेडीज’ निवडताना त्या समितीने लिहिलेल्या टिपणाची सुरुवातच भारतीय स्त्री म्हणजे शरणागती आणि वर्चस्व यांचं विचित्र मिश्रण, अशा अर्थाच्या वाक्याने झाली होती.

प्रश्न : निर्माता धंदा बघणार. प्रेक्षकांना जे आवडतं तेच तो दाखवतो. यात भेदभाव कुठे आला? (एक वाचक, पुणे)

प्रेक्षकापर्यंत गोष्ट पोहोचण्याआधीच गाळणी लागलेली असते. ‘द गुड अर्थ’ हा १९३७ चा चित्रपट चिनी शेतकरी कुटुंबाचा. अ‍ॅना मे वाँग ही लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली, चिनी वंशाची, तेव्हा चांगली नावाजलेली अभिनेत्री. पण नवऱ्याच्या भूमिकेसाठी पॉल म्युनी हा गोरा नट आधीच ठरला होता आणि हॉलिवूडची तेव्हाची आचारसंहिता भिन्न वंशांतले शरीरसंबंध पडद्यावर येऊ देत नसे. मग बायकोच्या भूमिकेत ल्युइझ रायनर ही जर्मनीत जन्मलेली गोरी अभिनेत्री आली आणि त्याच भूमिकेसाठी तिने ऑस्कर मिळवलं. प्रेक्षकांना कुणी विचारलंच नव्हतं. त्याच काळात मुंबईत जन्मलेल्या, आईकडून आशियाई वंशाच्या मर्ल ओबेरॉन हॉलिवूडमध्ये नायिका झाल्या, पण आपण टास्मानियाच्या आहोत असं सांगून. प्रमुख अभिनेत्रीचं ऑस्कर स्वतःला उघडपणे आशियाई म्हणवणाऱ्या स्त्रीला मिळालं ते थेट २०२३ मध्ये, मिशेल यो यांना.

दिग्दर्शनाचा हिशेब आणखी बोलका आहे. १९७९ मध्ये सहा दिग्दर्शिकांनी अमेरिकी दिग्दर्शक संघाच्या दप्तरात बसून १९४९ पासूनची कामं मोजली. ७,३३२ चित्रपटांपैकी स्त्रियांनी दिग्दर्शित केलेले निघाले १४. या आकड्यांच्या जोरावर संघाने १९८३ मध्ये दोन मोठ्या स्टुडिओंवर दावा लावला. न्यायालयाने १९८५ मध्ये म्हटलं, संघाचे बहुसंख्य सभासद पुरुष, त्यांचं हित आड येतं, म्हणून या स्त्रियांची बाजू संघ मांडू शकत नाही. प्रकरण तिथेच बारगळलं. सॅन डिएगो स्टेट विद्यापीठातल्या मार्था लॉझन दरवर्षी सर्वाधिक कमाईच्या २५० अमेरिकी चित्रपटांची मोजणी करतात. त्यांत दिग्दर्शिका १९९८ मध्ये ९ टक्के होत्या, २०२४ मध्ये १६ टक्के.

यात कुणी उघडपणे ‘बाई नको’ म्हणायची गरज पडत नाही. कामाची पद्धतच तसं करते. स्टुडिओबाहेरच्या चित्रपटाला कर्ज मिळवायचं तर तो वेळेत पूर्ण होईल अशी हमी देणारी कंपनी लागते, आणि दिग्दर्शक कोण यावर तिचं शिक्कामोर्तब लागतं. तिचा पहिला प्रश्न असतो, एवढं बजेट पूर्वी सांभाळलंय का? ज्यांना कधी मिळालंच नाही त्यांचं उत्तर ठरलेलं. खालच्या पातळीवर छायालेखक आपला गॅफर (दिव्यांचा प्रमुख) आणतो, गॅफर आपले लाइटमन. शुक्रवारी फोन, सोमवारी शूटिंग. एवढ्या घाईत माणूस ओळखीचाच नंबर लावतो. छायालेखनासाठी ऑस्करचं नामांकन एखाद्या स्त्रीला पहिल्यांदा मिळालं ते नव्वदाव्या सोहळ्यात, २०१८ मध्ये, रेचल मॉरिसन यांना.

प्रश्न : बेक्डेल कसोटी लावून चित्रपट स्त्रीवादी आहे की नाही ते कळतं का? (एक वाचक, बेळगाव)

नाही. अ‍ॅलिसन बेक्डेल यांच्या १९८५ च्या चित्रमालिकेतली ती एक कोपरखळी आहे. दोन स्त्रिया, त्या एकमेकींशी बोलतात आणि विषय पुरुषाचा नसतो, एवढंच ती पाहते. टुकार चित्रपट तीत पास होतात, चांगले नापास होतात. एका चित्रपटाला लावू नका. वर्षभराचे शंभर घेऊन लावा, मग चित्र दिसतं.

प्रश्न : मी मेकअपचा कोर्स केला आहे. चित्रपटात बायकांना मेकअपचं कार्ड (संघटनेचं सभासदत्व) मिळत नाही, फक्त हेअरचं मिळतं, असं एकांनी सांगितलं. (एक विद्यार्थिनी, कोल्हापूर)

त्यांची माहिती २०१४ पूर्वीची आहे. मुंबईतल्या मेकअप कलाकारांच्या संघटनेच्या नियमांत खरोखरच अशी वाटणी होती. पुरुष मेकअप करणार, बायका केस. शिवाय महाराष्ट्रात पाच वर्षं वास्तव्याची अट. बायकांना मेकअप करू दिला तर पुरुषांची रोजीरोटी जाईल, असं संघटनेचं म्हणणं होतं. चारू खुराना यांनी ते सर्वोच्च न्यायालयात नेलं. १० नोव्हेंबर २०१४ रोजी न्या. दीपक मिश्रा आणि न्या. उदय लळित यांच्या पीठाने दोन्ही कलमं रद्द केली. ट्रेड युनियन कायदा, १९२६ खाली नोंदलेली संघटना लिंगावरून सभासदत्व नाकारू शकत नाही, हे त्या निकालाचं सार.

आजही कुणी तोंडी नकार दिला तर वाद घालत बसू नका. अर्ज लेखी द्या, पोच घ्या, नकाराचं कारण लेखी मागा आणि निकालाची तारीख अर्जातच लिहा. उत्तर आलं नाही तर ट्रेड युनियन रजिस्ट्रारकडे तक्रार करता येते. बहुतेक वेळा लेखी कारण मागितल्यावरच गाडी पुढे सरकते, कारण कागदावर लिहिण्याजोगं कारण त्यांच्याकडे नसतं.

कार्ड मिळालं म्हणजे काम मिळालं असं नाही. बडे नट आपला मेकअपमन सोबत आणतात. तेव्हा नवख्या व्यक्तीला शिरायला जागा असते ती गर्दीच्या दृश्यांत, मालिकांत आणि सहायक म्हणून. प्रत्येक कामानंतर निर्मिती विभागाकडून दिवसांची संख्या आणि हुद्दा लिहिलेलं पत्र घ्या, मानधन खात्यात घ्या आणि श्रेयनामावलीत नाव कसं येणार ते आधीच ठरवा. पुढचं काम याच कागदांवर मिळतं.

प्रश्न : आमच्या लघुपटात एक नटी खूप गोरी आणि एक नट काळा आहे. दोघं एका फ्रेममध्ये आले की एक तर ती पांढरीफटक दिसते, नाहीतर त्याचे फक्त डोळे आणि दात दिसतात. त्याला थोडा उजळ मेकअप द्यावा का? (एक वाचक, ठाणे)

मेकअपला हात लावू नका. अडचण प्रकाशाची आहे आणि तिला इतिहास आहे. फिल्मच्या जमान्यात प्रयोगशाळा रंग जुळवायला एका गोऱ्या बाईचा फोटो वापरत. त्याला ‘शर्ली कार्ड’ म्हणत. तिची त्वचा नीट आली की छपाई बरोबर. गडद रंगातले बारकावे टिपण्याकडे कोडॅकने लक्ष दिलं ते बऱ्याच उशिरा, आणि त्यामागे चॉकलेट आणि लाकडी फर्निचरच्या जाहिराती करणाऱ्यांच्या तक्रारीही होत्या.

आजच्या डिजिटल कॅमेऱ्यात दोन्ही त्वचा नीट मावतात. गोरी त्वचा मीटरच्या १८ टक्के करड्याहून साधारण एक स्टॉप (म्हणजे दुप्पट प्रकाश) वर असते, गडद त्वचा तेवढीच खाली. म्हणजे फरक सुमारे दोन स्टॉपचा. ऑटो एक्स्पोजर पहिल्यांदा बंद करा. मागे पांढरी भिंत असेल तर कॅमेरा तिच्यावरून प्रकाश ठरवतो आणि नट बुडतो. कॅमेऱ्यात वेव्हफॉर्म (प्रकाशाची पातळी दाखवणारा आलेख) असेल तर नटीचा चेहरा ६० ते ७० आणि नटाचा ४० ते ५० च्या आसपास ठेवा. दोघांना एकाच आकड्यावर आणू नका, त्याने त्याची त्वचा राखेसारखी दिसते.

मग नटाला मुख्य प्रकाशाच्या जवळ उभं करा. नटीच्या बाजूला दिव्यासमोर नेट (जाळी) लावून अर्धा ते एक स्टॉप कापा. गडद त्वचा प्रकाश परावर्तित करून आकार दाखवते, म्हणून त्याच्यावर थेट तिखट दिवा मारण्यापेक्षा मोठा मऊ स्रोत वापरा. स्किमरमधून (दिव्यासमोर ताणलेल्या पांढऱ्या कापडातून) आलेला किंवा चार बाय चार फुटांच्या थर्मोकोलवरून उडवलेला प्रकाश बाजूने द्या. गालावर आणि कपाळावर रुंद चकाकी आली की चेहरा उठून येतो. मागची भिंत गडद असेल तर त्याच्या मागे एक छोटा दिवा द्या, नाहीतर केस भिंतीत विरघळतात. त्याला शुभ्र शर्ट देऊ नका. चहाच्या पाण्यात बुडवून काढलेला शर्ट पडद्यावर पांढराच दिसतो आणि एक्स्पोजर सोपं होतं. स्वस्त एलईडी टाळा, त्यांची हिरवट झाक गडद त्वचेवर आधी दिसते.

मेकअपमनला एवढंच सांगा की पावडर कमी आणि मॉइश्चरायझर जास्त. टायटॅनियम डायऑक्साइड असलेली पावडर गडद त्वचेवर करडी पडते. फाउंडेशनची छटा मनगटावर नको, जबड्यापासून मानेपर्यंत लावून पाहा. अनेकांच्या किटमध्ये सात-आठ गोऱ्या छटा आणि एकच ‘डार्क’ असते. हे शूटिंगच्या सकाळी कळून उपयोग नाही, आठवडाभर आधी विचारा.

प्रश्न : आमचं युनिट चौदा जणांचं, त्यांत चार मुली. बहुतेक मित्रच, पैसे कुणालाच नाहीत. तरी लैंगिक छळविरोधी समिती लागते का? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

लागते. २०१३ च्या कायद्यात दहा किंवा अधिक लोक असलेल्या कामाच्या जागी अंतर्गत समिती हवी आणि बिनपगारी, हंगामी, शिकाऊ हे सगळे त्यात मोजले जातात. केरळ उच्च न्यायालयाने मार्च २०२२ मध्ये स्पष्ट केलं की प्रत्येक चित्रपटाचं निर्मिती युनिट हीच कामाची जागा आहे.

समिती किमान चार जणांची. अध्यक्ष वरिष्ठ स्त्री, दोन सदस्य युनिटमधले आणि एक बाहेरची, स्त्रियांच्या प्रश्नांवर काम करणाऱ्या संस्थेतली व्यक्ती. एकूण सदस्यांत निम्म्या तरी स्त्रिया हव्यात. तुमच्या बाबतीत गाडी अडेल ती बाहेरच्या सदस्यापाशी. शूटिंगच्या आदल्या दिवशी असं कुणी मिळत नाही, तेव्हा महिनाभर आधी विचारणा करा. दिग्दर्शक किंवा निर्मात्याला समितीत घेऊ नका. कायद्याने मनाई नसली तरी तक्रार त्यांच्याच विरुद्ध आली तर समिती निकामी होते. तक्रारीची मुदत घटनेपासून तीन महिने, सबळ कारण असेल तर आणखी तीन. चौकशी ९० दिवसांत संपवायची. लघुपट चार दिवसांत संपला, युनिट पांगलं, तरी समितीची जबाबदारी संपत नाही. म्हणून सदस्यांचे फोन नंबर कॉलशीटवर (रोजच्या शूटिंगच्या वेळापत्रकावर) छापा.

मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या स्त्रियांची स्थिती तपासणाऱ्या केरळमधल्या न्या. हेमा समितीचा अहवाल डिसेंबर २०१९ मध्ये सादर झाला आणि काटछाट करून ऑगस्ट २०२४ मध्ये लोकांसमोर आला. त्यातली स्वच्छतागृहांची नोंद तुमच्याही कामाची आहे. आउटडोअरला सोय नसते म्हणून बायका दिवसभर पाणी पीत नाहीत आणि मूत्रमार्गाच्या संसर्गाने आजारी पडतात. रेकीला (शूटिंगची जागा आधी पाहायला) जाताना दिग्दर्शक फ्रेम बघतो, छायालेखक सूर्य बघतो. टॉयलेट बघायला चौघींपैकी एकीला सोबत न्या. दाराला आतून कडी, पाणी, दिवा, झाकणाचा डबा आणि कपडे बदलायला वेगळी जागा, एवढं तिने तपासावं. यांतलं काही नसेल तर जवळचं घर किंवा शाळा ठरवून घ्या आणि तिथवर जायला एक गाडी दिवसभर मोकळी ठेवा.