मागच्या बाकावरची पोरं पुढे कशी येतील?

ह्या वेळी नाशिकची पत्रं एकत्र घेतलीयत, कारण सगळ्यांचा विषय एकच आहे, चर्चमधली टीनएजर मुलं.

प्रश्न : जय ख्रिस्त ताई. मी शरणपूर रोडला राहते, नोकरी करते, आणि पाळकसाहेबांनी युथ ग्रुप माझ्याकडे दिलाय. तेरा ते सतरा वयाची मुलं. नाताळला कॅरोल आणि डान्सला सगळी हजर, जानेवारी उजाडला की दोन-चार उरतात आणि तीही मागे बसून रील बघतात. काही विचारलं की "हो ताई", "ठीके ताई". गेम झाले, क्विझ झालं, बक्षिसंही वाटली. आता अजून काय घेऊ?

जय ख्रिस्त. थोडे दिवस नवीन काहीच घेऊ नका. तुमच्या पत्रात कार्यक्रम भरपूर आहेत पण एकाही मुलाबद्दल काही नाही, कोण दहावीला आहे, कोणाचे बाबा शिफ्टला जातात, कोण घरी धाकट्या भावाला सांभाळतं. मुलांना ना हे फार लवकर कळतं, की ताईंना मी हवाय का ताईंना खुर्ची भरलेली हवीय, आणि खुर्चीच भरायची असेल तर मग ती खुर्चीसारखीच बसतात.

दहावीवाल्यांचं बघा. शाळा, मग कॉलेज रोडला नाहीतर कॅनडा कॉर्नरला क्लास, आणि वर रविवारी सकाळी टेस्ट, नेमकी उपासनेच्या वेळी. मंडळीतले, म्हणजे चर्चमधले, मोठे लोक लगेच म्हणतात, देवापेक्षा क्लास मोठा झाला का रे. तुम्ही म्हणू नका. तुम्ही फक्त लक्षात ठेवा की गणित भाग एकचा पेपर कधी आहे आणि आदल्या दिवशी ग्रुपवर नावं घेऊन दोन ओळी टाका की उद्या पेपर ना, प्रार्थना करतेय. पेपर झाल्यावर किती पडतील हे विचारायचं नाही, ते विचारायला घरी माणसं आहेत. आणि हो, क्लासच्या गेटवर जाऊन उभ्या राहू नका, मित्रांसमोर मेल्याहून मेल्यासारखं होतं त्यांना. मॅचला किंवा गॅदरिंगला ती स्वतः बोलावतील तेव्हा मात्र नक्की जा.

दुसरं म्हणजे समोर खुर्ची टाकून "काय चाललंय आयुष्यात" असं विचारलं की कोणताही चौदा वर्षांचा मुलगा "काही नाही"च म्हणणार. हाताला काम असेल तर बोलतात. नाताळचा तारा बांधताना, साउंडच्या वायरी गुंडाळताना, प्रीतिभोजनानंतर पातेली घासताना मध्येच एखादं वाक्य येतं, तेव्हा लगेच बायबलचं वचन काढून उत्तर द्यायची घाई नको. लूकच्या शुभवर्तमानाच्या २४व्या अध्यायात, वधस्तंभानंतर, इम्माऊस गावाच्या वाटेवर दोन खचलेले शिष्य भेटतात तेव्हा प्रभू काय करतो बघा, आधी सोबत चालायला लागतो, मग विचारतो तुमचं काय बोलणं चाललंय, आणि त्यांचं सगळं रडगाणं ऐकून घेतो, जे घडलं ते त्याच्याइतकं कोणालाच माहीत नसताना. शास्त्र उलगडून सांगणं त्यानंतर. अकराएक किलोमीटरची वाट ती, म्हणजे जवळपास शरणपूरहून नाशिकरोडपर्यंत पायी. आपण ह्यातलं ऐकणं गाळतो आणि थेट शास्त्रावर येतो.

तुम्ही शरणपूर रोडच्याच म्हणून एक सुचवते. एका संध्याकाळी मुलांना घेऊन त्या भागात नुसतं चाला आणि तिथली गोष्ट सांगा. १८५४ मध्ये चर्च मिशनरी सोसायटीने शरणपूर वसवलं, आणि गुलामांच्या जहाजांवरून सोडवलेली आफ्रिकन मुलं तिथे शिकायला होती. त्यातलाच जेकब वेनराइट पुढे आफ्रिकेत फिरणारा मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंगस्टन, त्याच्या सोबत गेला, १८७३ मध्ये लिव्हिंगस्टन आफ्रिकेत वारल्यावर ज्यांनी त्याचा देह समुद्रापर्यंत पायी वाहून आणला त्यांच्यात तो होता, आणि १८७४ मध्ये लंडनला वेस्टमिन्स्टर ॲबीत दफनाच्या वेळी हजरही होता. एवढं सांगून थांबा. कोणीतरी विचारेलच की त्या पोरांना कोणी विचारलं होतं का नाशिकला यायचंय का म्हणून, किंवा धर्म बदलायचाय का म्हणून. असा प्रश्न आला की दाबू नका, मिशनची बाजू सावरायलाही धावू नका. बारा वर्षांचा येशू मंदिरात गुरुजनांमध्ये बसून ऐकत होता आणि प्रश्नही विचारत होता. आपल्या रविवारच्या शब्बाथशाळेत प्रश्न विचारायचं काम अजून मोठ्यांकडेच आहे.

प्रश्न : मी २२ वर्षांचा, नाशिकरोडला युथमध्ये गिटार वाजवतो. ग्रुपमधली १५ वर्षांची एक मुलगी रात्री अकरानंतर इन्स्टावर मेसेज करते, घरी फार त्रास आहे म्हणते, आणि "दादा कोणाला सांगू नकोस" असं प्रॉमिस मागते. मला खरंच मदत करायचीय. काय करू?

प्रॉमिस देऊ नकोस. दिलं असशील तर आजच दिवसा तिला सरळ सांग, की तू मला सांगितलंस ते बरं केलंस पण हे मी एकट्याने सांभाळायचं नाही, आपण अमुक ताईंना सांगूया, तू म्हणशील तर मीही तिथे असेन. रात्रीची चॅट बंद कर, आणि का बंद करतोयस तेही सांग, नाहीतर तिला वाटेल दादाही कंटाळला. चॅट डिलीट करू नकोस.

"त्रास" म्हणजे काय हे ताईंना शांतपणे समजून घेऊ दे, तू खोदून विचारू नकोस. लैंगिक अत्याचाराची नुसती शंका असली तरी २०१२ च्या पोक्सो कायद्याच्या कलम १९ प्रमाणे पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, मंडळीचं नाव खराब होईल, घरातल्या घरात मिटवू, असलं काही चालत नाही, मग सांगणारे कितीही मोठे असोत. मुलांसाठी १०९८ ही हेल्पलाइन आहे, मन फारच खचलं असेल तर टेलिमानस ह्या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६. जीव द्यायची भाषा आली तर मात्र सकाळची वाट बघायची नाही, त्याच रात्री ताईंना उठवायचं, घरातल्या ज्या मोठ्या माणसावर तिचा भरवसा आहे त्याला फोन लावायचा, आणि धोका वाटला तर ११२.

तुझ्या मनात खोट नाही हे मला पत्रावरून दिसतं. पण नियम खोट असलेल्यांसाठी वेगळे आणि नसलेल्यांसाठी वेगळे असं करता येत नाही. मेसेज ग्रुपवर, गिटार शिकवायची तर दार उघडं, आणि दुसरं मोठं माणूस तिथे हवंच. तुमच्या मंडळीत हे लिहून ठेवलेलं नसेल तर पाळकांकडे विषय काढ.

प्रश्न : मुलगा अकरावीत आहे. दृढीकरणाच्या, म्हणजे मंडळीसमोर स्वतः विश्वास कबूल करायच्या विधीच्या, वर्गाला जायचं नाही म्हणतो, "माझा अजून विश्वास बसत नाही" म्हणतो. आम्ही देवळालीत तीन पिढ्यांचे ख्रिस्ती. नातेवाइकांना काय तोंड दाखवायचं?

नातेवाइकांचं नंतर बघू. अहो, विश्वास नसताना सुटाबुटात उभा राहून हो म्हणाला असता तर तुम्हाला कळलंही नसतं, त्यापेक्षा हे बरं नाही का? नाशिकजवळच्या जलालपूरच्या लक्ष्मीबाई टिळकांचं आठवा. नवऱ्याचा, म्हणजे कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांचा बाप्तिस्मा १८९५ चा आणि त्यांचा स्वतःचा १९०० चा. मधली वर्षं त्यांची त्यांनाच काढावी लागली, आणि तुम्ही एका वर्षात घायकुतीला आलात. त्याला कशावर विश्वास बसत नाही ते विचारा, चहा घेत, आणि मध्ये बोलू नका. वर्ग पुढच्या वर्षीही असतोच.

प्रश्न : आमच्या युथच्या फुटबॉलला मुलाचे हिंदू मित्रही येतात. खेळून झाल्यावर प्रार्थना असते. चालेल का? (सिडको)

मुलांच्या आईवडिलांना आधी माहीत असेल तर चालेल. फोन करून स्पष्ट सांगा की खेळ आहे आणि नंतर प्रार्थना आहे, थांबायचं की नाही हे तुम्ही ठरवा. ज्याला जायचंय त्याने खेळ झाल्यावर निघावं आणि पुढच्या वेळी टीममध्ये त्याची जागा तशीच असावी, नाहीतर तो खेळ म्हणजे आमिषच झालं. कोणाच्या आईला बघायला यायचं असेल तर येऊ द्या, एक खुर्ची सावलीत टाका.